पाकिटावरचा शब्द

९ जानेवारी

वहिनी,

तुझा पत्ता दादाकडून घेतलेला नाही, तेव्हा लगेच भुवया चढवू नकोस. तुझ्या जुन्या ऑफिसातल्या टेलिफोनवालीला गळ घातली. तिने आधी कानावर हात ठेवले, मग पाघळली. नंबर मात्र दिला नाही. म्हणाली, "कुणालाही द्यायचा नाही अशी ताकीद आहे." कुणालाही म्हणजे मला, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही.

दादा बरा आहे. त्याने व्यायामाची सायकल आणली आहे आणि तिच्यावर टॉवेल वाळत घालतो. मी आता त्याच्याकडे राहत नाही. लॅबपासून जवळ दोन खोल्या घेतल्या आहेत, दुसऱ्या मजल्यावर. खाली दुकान आहे. कसलं ते विचारू नकोस.

काम असं काही नव्हतं. परवा लॅबमध्ये एक गोष्ट झाली, ती कुणाला तरी सांगावीशी वाटली. माझ्या हातून दोन नळ्यांवरची लेबलं अदलाबदल झाली. एक नळी बाळंतपणाला आलेल्या बाईची, दुसरी पायाच्या ऑपरेशनला आलेल्या आजोबांची. दोघांचे रक्तगट वेगळे. रक्त चढवण्याआधी पुन्हा नमुना घेऊन तपासायचा नियम आहे म्हणून सापडलं. नियम नसता तर काय झालं असतं, ते मी तुला लिहीत नाही, कारण मी स्वतःलाही सांगत नाही.

आमच्या मुख्य बाईंना आम्ही पारा म्हणतो, कारण तो कायम चढलेला असतो. त्या दिवशी चढला नाही. बाई माझ्या अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या, एक श्वास घेतला आणि म्हणाल्या, "तोंड धुऊन ये." बस, एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते.

तर विचारायचं होतं ते असं, की तू सोडलीस तेव्हा सुरुवातीचे दिवस कसे काढलेस? एका मैत्रिणीसाठी विचारते आहे, असं लिहिणार होते. मग वाटलं, तुला काय थापा मारायच्या, आपण दोघींनी मिळून साऱ्या घराला मारल्यात. आठवतं? मागची बाल्कनी, वॉशिंग मशीनचा आडोसा, दांडी तुटलेले दोन निळे कप. कुणी आलंच तर चहा वाटावा म्हणून आपण फुंकर मारून प्यायचो. दादा एकदा म्हणाला होता, "अगं, किती गरम पिता तुम्ही!" आणि तू इतकी हसलीस की तुला खरोखरच ठसका लागला.

घर सोडून निघताना तू जे बोललीस ते मी विसरलेले नाही. "तुला पाहिलं की मला तहान लागते, वन्सं. तुझा दोष नाही. पण आता मी तुला बघणार नाही." ठीक आहे. बघू नकोस. लिहायला काय हरकत आहे?

तुझी,
वन्सं

---

२३ जानेवारी
पाकिटावर: आधी

वहिनी,

तुझं पत्र आलं. चार ओळी, आणि त्या सगळ्या अटी. नोटीस बरी असते, तिच्याखाली निदान शिक्का असतो.

बरं, समजलं ते पुन्हा लिहिते, म्हणजे नंतर भांडण नको. पत्र प्यायच्या आधी लिहिलं असेल तर पाकिटावर "आधी" लिहायचं. प्यायल्यानंतर लिहिलं असेल तर "नंतर". आधीचं तू वाचशील आणि उत्तर देशील. नंतरचं न उघडता डब्यात टाकशील, कारण माझं नंतरचं बोलणं तुला ऐकवत नाही, आत ओढ लागते. फोन नाही, कारण फोनवर मी तुला हसवते आणि हसल्यावर पुढे काय होतं ते दोघींना माहीत आहे. भेट तर नाहीच.

हे तू कुठे शिकलीस? तुमच्या त्या दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीत? का स्वतःच्या डोक्यातून काढलंस? काहीही असो, मला राग आला आणि तरीही मी आज पाकिटावर तो शब्द आधी लिहिला आणि मग कागद घेतला. सकाळचे सात वाजायचे आहेत. लॅबला जायच्या आधी मी रोज थोडी घेते. मजा म्हणून नाही. हात थरथरतात आणि थरथरत्या हाताने शीर सापडत नाही. थोडी घेतली की हात शहाण्यासारखा वागतो. मग मास्क, तोंडात लवंग, आणि मी कामाला लागते. आज अजून घेतलेली नाही. अक्षर बघ म्हणजे कळेल.

तू लिहितेस, आधी डॉक्टरला गाठ, एकदम बंद करू नकोस, झटके येतात. मला शिकवतेस? लोकांच्या लिव्हरचे आकडे मी रोज बघते. ज्याचे आकडे वाईट, त्याच्याकडे आम्ही काचेपलीकडून कसं बघतो, तेही मला माहीत आहे. म्हणूनच तर जात नाही. आमच्याच हॉस्पिटलात जायचं आणि माझी नळी माझ्याच टेबलावर यायची.

आणि बैठक. पत्ता मिळाला, शाळेतला चित्रकलेचा वर्ग, गुरुवारी संध्याकाळी. पण एकटीने त्या दारातून आत जायचं म्हणजे काय, हे तुला माहीत आहे ना? तुझ्याबरोबर कुणी होतं का? मला बरोबर कुणी नको, तू हवी आहेस. एकदा ये. दारापर्यंत सोड आणि परत जा. मी तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही, मान खाली घालून चालेन, लग्नातल्या नवरीसारखी.

सात वाजत आले. पाकीट बंद करते. ते पेटीत टाकेपर्यंत घेणार नाही, एवढं नक्की.

तुझी,
वन्सं

---

३ फेब्रुवारी
पाकिटावर: नंतर

तू हे उघडणार नाहीस, म्हणजे खरं लिहायला हरकत नाही.

"येऊ शकत नाही. तिथे जा, तिथली माणसं तुला दारातून आत नेतील." वा! नेतील! तू कोणाच्या जिवावर उड्या मारतेस गं? तिथल्या माणसांनी माझ्याबरोबर त्या बाल्कनीत बसून पावशेर भजनं म्हटली होती का? बाटली आपल्या दोघींची होती. तू अर्ध्यावर उठून गेलीस आणि उरलेली माझ्या पुढ्यात ठेवलीस. सगळे म्हणाले, वहिनी सुटली. मी कुठे गेले, हे कुणी विचारलंच नाही.

गेले होते मी गुरुवारी. शाळेच्या फाटकातून आत, व्हरांडा, चित्रकलेच्या वर्गाची खिडकी. आत बाकांवर मोठी माणसं बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, कारण बाकं मुलांची. मला हसू आलं. मग खिडकीशी बसलेल्या माणसाचा हात दिसला. मी माणसं चेहऱ्यावरून नाही, कोपराच्या आतल्या बाजूवरून ओळखते. जाड, सरकणारी शीर, तिच्या बाजूला तीळ. आमच्याकडे दर महिन्याला तपासणीसाठी रक्त द्यायला येतो तो, शाळेतला ड्रिल मास्तर. नेहमी माझ्याच रांगेत उभा राहतो. त्याने मान वळवली आणि मी पळाले. चपलेचा अंगठा तुटला तरी थांबले नाही.

मग ठरवलं, डॉक्टर नको, बैठक नको, वहिनी नको, मी एकटी सोडते. शनिवारी सुट्टी होती. बाटली खाली दुकानदाराला परत दिली, तो बघतच राहिला. रविवारी दुपारपर्यंत मी चादर ओली केली होती आणि भिंतीवरून मुंग्या चालत होत्या. ओळीने. मला माहीत होतं मुंग्या नाहीत. हे सगळं माहीत असलेली बाई आहे मी, पगार घेते त्याचा! हात लावून बघितलं तर हाताला भिंत लागत होती आणि डोळ्यांना मुंग्या. मी दुकानात गेले. त्याने तीच बाटली दिली. चांगला माणूस आहे.

मुंग्या गेल्या.

मला तुझा फार राग येतो, वहिनी. आणि तुझ्याशिवाय कुणी नाही. ही दोन्ही वाक्यं तू वाचणार नाहीस.

---

१२ फेब्रुवारी
पाकिटावर: आधी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. मधलं "नंतर" पाकीट तू खरंच डब्यात टाकलंस, वाचून बरं वाटलं. त्यात काही विशेष नव्हतं.

बैठकीला जाऊन आले. चांगली माणसं आहेत. बाकं लहान आहेत, पण चालतं. डॉक्टरांची वेळ घ्यायची आहे, पुढच्या आठवड्यात बघते. प्रमाण पुष्कळ कमी केलं आहे. पारासुद्धा हल्ली ठीक वागते.

इकडे हवा छान आहे. दादा सायकलवर बसला, असं ऐकते.

तू विचारशील की बैठकीत माझी बोलायची वेळ आली तेव्हा मी काय बोलले. बाकीच्यांचं ऐकलं फक्त. पुढच्या वेळी बोलेन.

तू कशी आहेस? नेहमी माझंच चालतं. तुला अजून तहान लागते का? हे मात्र खरंच विचारते आहे.

तुझी,
वन्सं

---

२१ फेब्रुवारी
पाकिटावर: आधी

वहिनी ये.

मी काही मागणार नाही नंतर. कधीच. एकदा ये.

पाराने घरी पाठवलं. सगळ्यांसमोर नाही, आतल्या खोलीत नेऊन. एका पोरीला टोचताना माझ्या हातातून सुई निसटली. तिच्या आईने माझा हात धरला, वहिनी, म्हणजे मनगट पकडलं, चोराचं धरतात तसं, आणि म्हणाली, "हिला बाजूला करा." मला. एवढी वर्षं मी टोचते आहे, लहान बाळंसुद्धा माझ्याकडे पाठवायचे. पारा म्हणाली, बरी होऊन ये, नाहीतर येऊ नकोस. बरी होऊन म्हणजे काय. मला काय सर्दी झाली आहे?

मी बैठकीत गेलेच नव्हते. ते खोटं होतं. खिडकीतून बघून पळाले. डॉक्टर पण खोटं. सगळं खोटं, दादा सायकलवर बसला तेवढं खरं असेल.

सकाळी आरशात बघितलं तर डोळे पिवळे वाटले. कदाचित बल्बचा उजेड असेल. मला बघायची भीती वाटते. मी अशीच इथे संपले तर दुकानदाराला कळेल आधी, मी दोन दिवस आले नाही म्हणून. मग दादाला. मग तुला, पत्राने.

तुला तहान लागते हे मला माहीत आहे. तू तहानेला घाबरतेस. मी मरायला घाबरते. कोणतं मोठं ते तूच सांग.

ये गं.

---

९ मार्च
पाकिटावर: आधी

वहिनी,

सोबत तुझा चष्मा आहे. आधी तो लाव. त्याच्याशिवाय तुला पाकिटावरचा शब्दसुद्धा दिसला नसेल, म्हणून या वेळी अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. प्रवासाच्या ट्रंकेवर नाव लिहावं तेवढं.

या वेळचा शब्द खरा आहे. मागचा खोटा होता. एकवीस तारखेच्या पाकिटावर मी "आधी" लिहिलं तेव्हा बाटली निम्मी झाली होती. न उघडता डब्यात गेलं तर माझं कोण आहे, असं वाटलं. पाकिटाचा एवढा एकच नियम तू घातला होतास आणि मी तोच मोडला. तू ते उघडलंस, पहिल्या ओळीतच ओळखलं असशील, आणि तरी शेवटपर्यंत वाचलंस आणि पहिली बस पकडलीस. पुढे जे झालं ते त्या एका शब्दामुळे झालं.

तू गेल्यापासून तुझं पत्र नाही. मी दोन पत्रं पाठवली, त्यांचंही उत्तर नाही. कदाचित चष्मा नाही म्हणून असेल. मी रोज स्वतःला हेच सांगते.

तू आलीस त्या रविवारी दुपारी काय झालं, ते तुला तुझ्या बाजूने माहीत आहे. दाराच्या या बाजूचं तुला माहीत नाही, ते सांगते. आणि थोडं तुझ्या बाजूचंही, कारण तेव्हा तुझं लक्ष कपाकडे होतं आणि माझं तुझ्या हाताकडे.

तू आलीस तेव्हा मला वाटलं, आता रडारड होईल. तू उंबऱ्यातच नाक मुरडलंस, "काय गं ही दशा, गोठा बरा," म्हणालीस आणि पदर खोचून भांड्यांना भिडलीस. मला टेबलाशी बसवलंस. बटाटे उकडायला टाकलेस. चष्म्यावर वाफ आली म्हणून तो काढून खिडकीत ठेवलास, तिथेच तो राहिला. मी कप समोर धरून बसले होते, तोच निळा, आणि तू म्हणालीस, "तो राहू दे सध्या, उद्या डॉक्टरकडे जाऊ, तोवर एकदम तोडायची नाही." किती व्यवस्थित बोलत होतीस. मला वाटलं, सुटले मी. माझी वहिनी आली, आता ही बघून घेईल.

मग आपण हसलो. चूक माझी. मी दादाची नक्कल केली, "अगं, किती गरम पिता तुम्ही!" आणि तू हातातलं फडकं तोंडावर दाबून हसलीस, अगदी तशीच. कितीतरी दिवसांनी माझ्या घरात कुणी हसत होतं. हसता हसता तू माझ्यासमोर बसलीस आणि टेबल पुसायला लागलीस. पुसायला म्हणून कप उचललास. टेबल पुसून झालं आणि कप खाली आला नाही.

तुझ्या हाताच्या मागची शीर वर आली होती. मला त्यातलं कळतं. तुझा अंगठा कपाच्या कडेवरून फिरत होता. तू माझ्याकडे बघत नव्हतीस. अगदी साध्या आवाजात, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं, तू म्हणालीस, "अर्धा. तुझ्याबरोबर अर्धाच घेते, वन्सं. म्हणजे तुला एकटं वाटणार नाही. मग उद्यापासून दोघी मिळून सोडू."

आणि तू फुंकर मारलीस.

आता जे लिहिते ते लिहायला हात धजत नाही, पण तू मला खरं लिहायला शिकवलंस. मला आनंद झाला, वहिनी. एक क्षणभर असा आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. माझी जोडीदारीण परत आली. आता मला कुठल्या वर्गात जायला नको, कुणाला हात दाखवायला नको. बाल्कनी नसली म्हणून काय झालं, टेबल आहे. मी दुसरा कप आणायला उठलेसुद्धा.

उठले म्हणून तुझा चेहरा वरून दिसला. बसून दिसला नसता. तू घाबरली होतीस. एखाद्या मुलीला सुई टोचायला घेतली की ती जशी आपल्या हाताकडे न बघता दुसरीकडेच बघते, तशी तू भिंतीकडे बघत होतीस आणि कप ओठाकडे येत होता.

मग मी काय केलं ते तुला माहीत आहे. कप हिसकला, अर्धा तुझ्या साडीवर सांडला. तुला बकोटीला धरलं. तू "अगं, अगं" करत होतीस आणि मी तुला जिन्यापर्यंत ढकलत नेलं, मोठ्या वहिनीला, जिने माझ्यासाठी सगळं सोडून धाव घेतली होती. मागून तुझी पिशवी फेकली. "चालती हो, तोंड दाखवू नकोस," असं ओरडले. समोरच्या बिऱ्हाडातली बाई दार उघडून बघत होती. तिने पुढे साऱ्या जिन्याला सांगितलं की नणंदेने भावजयीला हाकलून दिलं. सांगू दे.

तू दार ठोठावलंस. "वन्सं, दार उघड. वन्सं, मी नाही घेत, दार उघड." मी आतून कडी लावून दाराला पाठ टेकून बसले होते. तुझी प्रत्येक थाप माझ्या पाठीत लागत होती. उघडलं असतं तर मी तुला पाजली असती. तुझ्यासाठी मला चांगलं व्हायचं होतं असं नाही, तेवढी मी मोठी नाही. पण तुझं मोडलेलं मला बघवलं नसतं. माझं मोडलेलं मी रोज बघते, त्याची सवय झाली आहे.

तुझी पावलं जिन्यावरून उतरली. मी कपात उरलेली प्याले. हो, प्याले. इथे मी ती ओतून दिली असं लिहिलं असतं तर किती छान दिसलं असतं. मग मी उरलेली बाटली पिशवीत घातली, तुझे बटाटे गॅसवरून उतरवले आणि हॉस्पिटलात गेले. आमच्याच. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरपुढे बाटली ठेवली आणि म्हटलं, "एवढी रोज लागते. बंद करायची आहे. एकटीने केली तर मला मुंग्या दिसतात." त्याने मला ओळखलं होतं. खुर्ची ओढून दिली, एवढंच.

त्यांनी ठेवून घेतलं. सलाईन, गोळ्या, हळूहळू कमी करत. नर्सला माझी शीर सापडेना. मीच सांगितलं, डाव्या हाताची, अंगठ्याकडची, थोडी खोल आहे. ती हसली. दुसऱ्या दिवशी पारा आली. माझं रक्त तिनेच काढलं, इतक्या हलक्या हाताने की मला कळलंही नाही. मग म्हणाली, "जागा ठेवली आहे. सुईची नाही. आधी काउंटरवर बस, लोकांना टोकन दे. पुढचं पुढे." आकडे वाईट आहेत. पण अजून परत फिरता येईल असे आहेत. मी ते स्वतः वाचले.

गेल्या गुरुवारी बैठकीला गेले. या वेळी खरंच. शाळेच्या फाटकापाशी ड्रिल मास्तर उभे होते. मी जवळ जाताच त्यांनी मला सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "चला ताई, उशीर झाला की मागचा बाक मिळतो, तो फारच लहान आहे." मी म्हटलं, तुम्ही मला ओळखलंत कसं, मी तर तोंडावर मास्क लावून असते. ते म्हणाले, "वासावरून. मी मुद्दाम तुमच्या रांगेत उभा राहायचो. बाकीच्या रांगांत मला लाज वाटायची. तुमच्या रांगेत वाटायचं, चला, ही आपल्यातली आहे." इतकी वर्षं लवंगा चघळल्या, वहिनी! मी फाटकात उभी राहून हसले आणि मग हसणं कधी रडण्यावर गेलं ते कळलं नाही. ते बाजूला उभे राहिले, शिट्टी फिरवत. मग आम्ही आत गेलो.

माझी वेळ आली तेव्हा मी बोलले. तुझ्याबद्दलच बोलले. पाकिटांबद्दल सांगितलं, आधीच्या आणि नंतरच्या. सगळ्यांना युक्ती आवडली. तेवढ्यात दारातून एक माणूस आला, गवंडी असावा, कपड्यांवर सिमेंट होतं. झुलत होता. नाव पुकारल्यासारखा दारातच थांबला आणि म्हणाला, "मी आज घेऊन आलो आहे." मला वाटलं, आता याला बाहेर काढतील. मास्तर सरकले, त्याला बाकावर जागा दिली, कुणीतरी त्याच्या हातात चहा दिला. त्याने चहावर फुंकर मारली. चहा खरोखरच गरम होता.

मी तेव्हापासून तुझ्याच विचारात आहे. तू त्या दिवशी जिना उतरलीस. चष्मा नाही, साडीवर तो वास, आणि बसस्टँडपर्यंतच्या रस्त्यावर माझ्या दुकानदारासारखी किती दुकानं आहेत ते मला माहीत आहे. मी तुला वाचवलं असं मला म्हणायचं आहे, पण मी तुला फक्त बाहेर काढलं. बाहेर काय झालं, ते मला माहीत नाही. मी बोलावलं नसतं तर तू तुझ्या घरी कोरडी, सुखात बसली असतीस. हा विचार आला की मला जी तहान लागते, तिच्यापुढे आधीच्या सगळ्या तहाना काहीच नव्हत्या. आत्ताही लागली आहे. खालचं दुकान उघडं आहे, कुलुपाचा आवाज आला नाही अजून. मी लिहिते आहे.

तू मला रागावली असशील तर रागाव. माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस, मी पुन्हा कधी ये म्हणणार नाही. तुमच्या बैठकीत तुझीही माणसं असतील, त्यांच्याकडे जा. पण एक पत्र पाठव. चार ओळी चालतील, नोटीस चालेल. काही लिहायचं नसलं तर कोरा कागद घाल आत.

फक्त पाकिटावर शब्द लिही. आधी की नंतर, ते खरं लिही.

नंतर असलं तरी मी उघडीन.

तुझी,
वन्सं